सुळा

आत येण्याआधी लोखंड बाहेर ठेवायचं:
किल्ल्या, घड्याळ, केसांतले आकडे.
नीलव्वानं जोडवीही काढायला घेतली.
चांदी आहे, चालते, म्हटलं मी.
'मशीनला काय कळतंय ते,' म्हणाली
आणि साबण मागितला.

कॉलेजात ही एकच खुर्ची लाकडाची.
खानापूरच्या सुतारानं खिळा न मारता जोडलीय,
बसलं की जरा कुरकुरते.

संमतीपत्र कन्नडात होतं, खाली इंग्रजीत.
ती कन्नड बोलते, वाचत नाही.
मी वाचतो, पण अडखळत.
मी वाचत गेलो
आणि ती माझे उच्चार सुधारत गेली.
मग अंगठा.

सुळ्यावर तिळाएवढं चुंबक.
दाढांवर घट्ट बसवलेल्या पट्टीत चार सेन्सर.
ओठाच्या कोपऱ्यातून केसासारख्या वायरी निघतात
आणि माझ्या पडद्यावर त्यांची एक रेघ होते.

नऊ वर्षं उद्यमबागेत मोटारींच्या कॉइली भरल्या मी.
तिथं चुंबक म्हणजे गरगर, वास, कानठळ्या.
इथलं चुंबक स्वतः काहीच करत नाही.
तार दाताला मागे ओढते,
उपदाढ काढलेल्या रिकाम्या जागेकडे,
आणि ते फक्त सांगतं, कुठवर आलो.
काल रात्रीपासून आज सकाळपर्यंत:
केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा.

लिफ्ट उतरली की रेघ उसळते.
तेवढी पानं मी फाडतो.

'पंधरा मिनिटं गप्प बसायचं.'
ती बसली.
रेघेवर बारीक लाटा, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.
हाडात रुतलेला दातसुद्धा
रक्ताच्या ठोक्यावर डुलतो, हे मला
चाळिसाव्या वर्षी कळलं.

मग मधेच मोठी लाट. पुन्हा एक.
बोलताय काय?
'छे, मनात मोजालतोय, ताणे.'
मनात मोजतानाही जीभ दाताला टेकते.

म्हणून म्हटलं, म्हणा बघू: त.
रेघ उठली.
थ, द, ध, न.
पाचवीच्या वर्गात भिंतीवर तक्ता होता, दंत्य म्हणून.
मी तो पाठ केला, मार्क मिळवले;
दाताला त्यातलं काही कळत असेल
असं कुणीच म्हणालं नव्हतं.
'आमच्या शाळेतबी होता की,' ती म्हणाली,
'मी तिसरीतनं सुटले, पण तक्ता आठवतोय.'

ळ म्हणा.
जीभ वळून टाळूला गेली.
रेघ नुसत्या ठोक्यांची.

मग मला राहवलं नाही.
मी म्हणतो तसं म्हणा: बेळगाव.
आता तुम्ही म्हणता तसं: बेळगावी.
ब-वर ओठ मिटले, थोडी हालचाल.
ळ-वर काही नाही.
व-ला खालचा ओठ दातापाशी आला, छोटी लाट.
दोन्ही वेळा.
दोन्हींत फरक होता,
मोजमापाच्या चुकीएवढा.

डॉक्टर मठपतींनी मागून पाहिलं.
'हे प्रोटोकॉलमध्ये नाही. काढून टाका.'
काढून टाकलं.
खोलीतल्या लोखंडाची जागा रोज थोडी बदलते,
कुणी कपाट सरकवतं, कुणी सिलिंडर आणतं,
म्हणून शून्य पुन्हा घ्यावं लागतं.
घेतलं.

पट्टी काढल्यावर जबडा चोळत तिनं विचारलं,
किती हललं?
सांगितलं. वाटलं, हसेल.
ती हसली नाही.
वडगावात तिचा माग आहे.
'फणीचा एक दात एवढा वाकला,' म्हणाली,
'तर सकाळी पदरभर रेघ दिसते,
आणि शेठ पैसे कापतो.'

जोडवी घालायला तिला परत साबण लागला.

ती गेल्यावर रिकाम्या खुर्चीचं माप घेतलं.
रेघ तरी पूर्ण सपाट नव्हती.
ट्रेमध्ये केसातला एक आकडा राहून गेलाय,
गंजलेला, मधे वाकलेला.
वहीत आजच्या तारखेपुढे रकाना मोकळा आहे.
पुढच्या गुरुवारी ती येईल.